मास्तर व्हायचंय, पण पोट कुठं ठेवायचं?

(विद्यार्थ्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकावर माझ्या नावापुढं विषय छापलाय : ‘शिक्षक-प्रशिक्षण आणि आर्थिक प्रश्न’. विषय सभ्य आहे. मी तो माझ्या भाषेत घेतो. मास्तर व्हायचं म्हणून दोन वर्षं शिकायचं, त्याच दोन वर्षांत पोटासाठी राबायचं आणि वर बँकेचं कर्ज अंगावर घ्यायचं, ही तीन ओझी एका पाठीवर कशी बसतात ते सांगायला मी उभा आहे. रडगाणं आणलेलं नाही, हिशेब आणलाय. ज्याच्याकडं वही-पेन असेल त्यानं आकडे मांडून घ्यावेत. आपल्या आज्या-आजोबांनी सावकाराच्या वहीवर अंगठे उठवले, कारण त्या वहीत काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. आपल्याला वाचता येतं. मग वाचू या.

पहिला हिशेब तासांचा.

२०१५ च्या आधी बी.एड. एक वर्षाचं होतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं २०१४ साली नवे विनियम काढले आणि २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. मी २०२२ साली प्रवेश घेतला तो ह्याच नियमांखाली. वर्षाला कमीत कमी २०० दिवस, आठवड्याला कमीत कमी ३६ तास. हजेरी ८० टक्के, आणि शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के. म्हणजे सहा दिवसांचा आठवडा धरला तर रोज सहा तास कॉलेजात.

आम्ही कल्याणचे. कॉलेज मुंबईत. जायला-यायला तीन तास. रात्री मी भिवंडीच्या एका गोदामात पॅकिंगला होतो. नऊला आत, सकाळी सहाला बाहेर. ते नऊ तास, आणि जायला-यायला आणखी एक. सहा, तीन, नऊ आणि एक. झाले एकोणीस. दिवस चोवीस तासांचाच असतो, तो आपल्यासाठी कुणी वाढवलेला नाही. उरले पाच. त्या पाच तासांत आंघोळ, जेवण, पाठाचं टाचण, तक्ते रंगवणं, जर्नल लिहिणं आणि उरलीच तर झोप.

आठवीच्या वर्गावर माझा सराव पाठ होता. निरीक्षणवहीत शेरा आला, ‘आवाजात उत्साह नाही.’ शेरा बरोबर होता. मास्तरीणबाई वाईट नव्हत्या. पण सकाळी सहाला गोदामातून सुटलेल्या माणसाच्या आवाजात उत्साह कुठून यायचा, हे लिहायला त्या वहीत रकाना नव्हता. विषयाची ओळख, प्रश्नकौशल्य, फळ्याचा वापर, सगळ्यांना रकाने. झोपेला रकाना नाही.

आता कुणी म्हणेल, नियमच रद्द करा. मी तसं म्हणणार नाही. हजेरी पाहिजे. वर्गात उभं राहिल्याशिवाय मास्तर घडत नाही. पण ह्या नियमाच्या पोटातून एक धंदा जन्माला आलाय, त्याचं नाव ‘नॉन-अटेंडिंग’. जास्तीचे पैसे टाका, घरी बसा, हजेरी आम्ही लावतो, जर्नल विकत मिळतं. पोटासाठी राबणारा पोरगा नाइलाजानं त्या दारात जातो. पैसे त्याचेच जातात आणि शिकणंही त्याचंच जातं. आणि असा न शिकलेला मास्तर पुढं उभा राहतो कुठं? बड्यांच्या शाळेत नाही. तो उभा राहतो आपल्या वस्तीच्या शाळेत, आपल्या भाच्या-पुतण्यांपुढं. म्हणून ‘नॉन-अटेंडिंग’ला मी सवलत म्हणत नाही. ती आपल्याच पोरांच्या खिशातून केलेली चोरी आहे.

मग नोकरी करणाऱ्यानं काय करायचं? कुणीतरी हमखास सांगतं, मुक्त विद्यापीठातून कर. सांगणाऱ्यानं नियम वाचलेले नसतात. दूरशिक्षणाचं बी.एड. हे आधीच शिक्षक-प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी आहे. गोदामात खोकी भरणारा त्यात बसत नाही. म्हणजे जो आधीच मास्तर आहे त्याला नोकरी सांभाळून शिकता येतं. ज्याला मास्तर व्हायचंय त्यानं नोकरी सोडून शिकायचं. सोडली तर चूल कशावर पेटवायची, ते विनियमांत नाही.

इथं बाबासाहेबांचं नाव निघतं. आणि फार वेळा ते आपल्याला गप्प करायला काढलं जातं. ‘बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत होते, तुम्हाला काय झालंय?’ मित्रांनो, असं म्हणणाऱ्याला पुढची गोष्टही विचारा. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. काटकसर करून त्यातनं पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना ह्या मित्राकडून ५,००० रुपये उसने घेतले. आणि १९२० साली ते अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. म्हणजे नोकरी, कर्ज आणि शिक्षण हे तिन्ही त्यांनी एका अंगावर वाहिलं. कर्ज काढून शिकण्यात लाज नाही, हे आपण तिथून घ्यायचं.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. कॉलेज काढायची ताकद हातात आल्यावर बाबासाहेबांनी काय केलं? ‘मी सोसलं, तुम्हीही सोसा’ असं पोरांना सांगितलं नाही. त्यांनी वर्ग सकाळी ठेवले. सकाळी शिका, दिवसा नोकरी करा. त्यांनी वेळापत्रक बदललं! त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा राबणाऱ्याला दिवसा शाळेत बोलावण्याचा मूर्खपणा त्यांनी केला नाही. ज्यांना शिकवायचं त्यांचा दिवस कसा जातो हे आधी पाहायचं आणि मग घंटा कधी द्यायची ते ठरवायचं, ही आपली परंपरा. आजच्या बी.एड. कॉलेजच्या भिंतीवर ह्या तिघांच्याही तसबिरी आहेत. खाली लावलेलं वेळापत्रक मात्र घरबसल्या भाकरी मिळणाऱ्यासाठी आखलेलं आहे.

दुसरा हिशेब पैशाचा.

माझे वडील सफाईच्या कंत्राटात. महिन्याला २२,००० रुपये. बाराने गुणा : २,६४,०००. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा मी प्रवेश घेतला तेव्हा २,५०,००० होती, २०१३ पासून तीच. भाडं वाढलं, डाळ वाढली, मर्यादा हलली नाही. चौदा हजारांनी आम्ही श्रीमंत ठरलो! मर्यादेच्या वर गेलं की आपल्या राज्यात फ्रीशिप आहे, पण ती शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. त्यात निर्वाहभत्ता नाही. दोन वर्षं खायचं काय, रेल्वेचा पास कशातनं काढायचा, तक्त्यांचा कागद कशातनं आणायचा, ते ज्याचं त्यानं बघायचं.

स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. योजना चांगली. पण विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा अशी अट, आणि उत्पन्नाची मर्यादा पुन्हा अडीच लाखांचीच. माझ्या वर्गातली एक मैत्रीण मुंबईतलीच, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत राहणारी. तिला अभ्यासाला कोपरा नाही, तरी कागदोपत्री ती ‘स्थानिक’. शहरातल्या झोपडपट्टीला सरकार घर समजतं ते फक्त अशा वेळी.

आमच्या कॉलेजानं सांगितलं, आधी फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नये असे सरकारी आदेश आहेत. ते दाखवले तर उत्तर मिळालं, ‘मग सरकारी कॉलेजात जा.’ म्हणून मी बँकेत गेलो. तिथं साहेबांनी विचारलं, ‘तारण काय?’ चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, हा बँकांच्याच आदर्श कर्जयोजनेतला नियम आहे. तो मी छापून नेला होता. तीन खेपा झाल्या, चौथ्या खेपेला कर्ज मिळालं : १,५०,००० रुपये. वर्षाला ७५,००० प्रमाणे दोन हप्त्यांत.

आता वहीत लिहा. हिशेबाला सोपा म्हणून व्याजाचा दर १० टक्के धरा. शिकत असताना आणि पुढं एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. लोकांना वाटतं, तोवर व्याजही झोपलेलं असतं. नाही. ते जागंच असतं. पहिले ७५,००० तीन वर्षं पडून, सरळ व्याज २२,५००. दुसरे ७५,००० दोन वर्षं पडून, व्याज १५,०००. झाले ३७,५००. ते मुद्दलात मिसळतं. म्हणजे फेडायला सुरुवात करायच्या दिवशी कर्ज १,८७,५०० झालेलं असतं. पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता चार हजारांच्या आसपास, आणि सगळे मिळून जवळजवळ २,३९,०००. दीड लाखाचे दोन लाख एकोणचाळीस हजार. हा सावकार नाही, ही सार्वजनिक बँक. सुटाबुटात आहे एवढंच.

साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या पोरांना ह्या सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना २००९ पासून आहे. पण ती सगळ्या कॉलेजांना लागू नाही. माझं कॉलेज त्यात बसत नव्हतं. ते प्रवेशाआधी सांगायला कुणीही नव्हतं, म्हणून मी आज तुम्हाला सांगतोय.

तिसरा हिशेब वाट पाहण्याचा. हा सगळ्यात जहरी.

बँक एक वर्ष थांबते. सरकार किती थांबवतं? आपल्याकडं शिक्षक व्हायला पात्रता परीक्षा पास व्हावी लागते, आणि मग अभियोग्यता चाचणी. ही अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी झाली २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मध्ये पाच वर्षांहून जास्त. त्या काळात जी पोरं पदवी घेऊन बाहेर पडली, त्यांच्या बँका पाच वर्षं थांबल्या असतील का? तिसरी झाली २०२५ च्या मे-जूनमध्ये. दुसरी झाली तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. २०२४ साली पास झालो, तिसरी दिली, आणि त्याच उन्हाळ्यात बँकेचा पहिला हप्ता कापला गेला. मध्यंतरी मी एका विनाअनुदानित शाळेत तासांवर शिकवायला लागलो. संध्याकाळी क्लास घेतो. क्लासच्या पैशातनं हप्ता जातो, शाळेच्या पैशातनं शाळेत जायचं भाडं निघतं.

समजा, नेमणूक झाली. तरी पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षक नसता, ‘शिक्षण सेवक’ असता. २००० सालापासूनची ही योजना. मानधन वर्षानुवर्षं प्राथमिकला ६,००० आणि माध्यमिकला ८,००० होतं. २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० झालं. अठरा हजारांतले चार हजार बँकेचे. उरले चौदा. माझ्या बापाला झाडू मारून बावीस मिळत होते. पोरगा शिकला, मास्तर झाला आणि बापापेक्षा आठ हजारांनी खाली गेला. वस्तीतली म्हातारी माणसं हे बघतात. मग शेजारची पोरगी बारावी झाली की तिला म्हणतात, ‘मास्तरकी नको गं बाई, मॉलमध्ये लाग.’

१८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. त्यात त्यांनी शिक्षकाबद्दल तीन गोष्टी मागितल्या. शिक्षक प्रशिक्षित असावा. तो कष्टकरी समाजातून आलेला, लोकांत मिसळणारा, हातानं काम करायला न लाजणारा असावा. आणि त्याचा पगार महिन्याला १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात १५-२० असावा. ह्या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या, कारण त्यांना ठाऊक होतं की पगार आणि प्रशिक्षण हाताशी नसेल तर कष्टकऱ्याचं पोर शिक्षक होणारच नाही, आणि खुर्ची पुन्हा त्याच जुन्या घरांतल्या माणसाला मिळेल. आज जात विचारून कुणी कुणाला बी.एड.ला नाकारत नाही. आरक्षण आहे. पण दोन वर्षं घरात बसवून खाऊ घालायची ऐपत आहे का, हे न विचारता विचारलं जातं. जागा राखीव आणि भाकरी खुल्या स्पर्धेत! परीक्षा नंतर होते. चाळणी आधीच लागलेली असते.

आणि ह्यात सगळ्यात मोठी लूट आंतरवासितेची. दोन वर्षांत मिळून २० आठवडे, त्यातले १६ सलग म्हणावे असे दुसऱ्या वर्षी. तुम्ही शाळेत जाता. शिक्षक रजेवर, तुम्ही वर्गावर. परिपाठ तुम्ही घेता, पेपर तुम्ही तपासता, सहलीला पोरं तुम्ही मोजता. मोबदला शून्य, वर कॉलेजची फी तुमचीच. डॉक्टर होणाऱ्याला आंतरवासितेत विद्यावेतन मिळतं. कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवाराला १९६१ च्या कायद्यानं विद्यावेतन मिळतं. २०२४ साली राज्य सरकारनं तरुणांसाठी कार्यप्रशिक्षण योजना काढली, पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये. त्यातली काही पोरं शाळांमध्येही नेमली गेली. म्हणजे शिकवण्याचं शिक्षण न घेतलेल्या पदवीधराला शाळेत जायचे दहा हजार, आणि ते शिक्षण घेणाऱ्याला त्याच शाळेत जायचे शून्य. त्या पोरांवर माझा राग नाही, तीही आपलीच. राग आहे तो शिकवण्याला काम न समजणाऱ्या डोक्यांवर.

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. आंतरवासितेच्या प्रत्येक आठवड्याला विद्यावेतन. प्रत्येक जिल्ह्यात निदान एका सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात सकाळी सातची तुकडी. तास ३६ च राहू देत, फक्त घंटा लवकर द्या. कर्जाचा हप्ता भरतीच्या वेळापत्रकाशी जोडा. सरकार परीक्षा घेत नाही तोवर बँकेनंही हात पुढं करू नये. आणि उत्पन्नाची मर्यादा दर वर्षी महागाईबरोबर वाढवा. ह्या मागण्या निवेदनात लिहून कुलूपबंद करायच्या नाहीत. प्रत्येक बी.एड. कॉलेजच्या फाटकावर त्या बोलल्या गेल्या पाहिजेत.

पण लढा मोठा आहे आणि ह्या जूनला तुमच्यातल्या कुणाचा तरी प्रवेश आहे. म्हणून जाता जाता चार कामाच्या गोष्टी.

एक. आधी ठरवा, कुठल्या वर्गाला शिकवायचंय. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागतं. चुकीच्या पदवीसाठी कर्ज काढू नका.

दोन. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. तो आकडा बघा. त्यावर एक रुपया मागितला तर पावती मागा. कॅपिटेशन फी घेण्यावर १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. मूळ दाखले कॉलेजात अडकवून ठेवू देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली त्याला मनाई केलीय.

तीन. कर्ज मंजूर झालं म्हणून सगळं उचलू नका. दुसऱ्या वर्षाचा हप्ता गरजेपुरताच घ्या. जमेल तसं शिकतानाच व्याज भरत राहा, मग ते मुद्दलात मिसळत नाही. काही बँका त्याबद्दल एक टक्का सवलतही देतात. व्याज-अनुदान तुमच्या कॉलेजला लागू आहे का, ते सही करायच्या आधी लेखी विचारा.

चार. ज्या १६ आठवड्यांत रात्रपाळी जमत नाही, त्या चार महिन्यांचं रेशन आणि भाडं पहिल्या वर्षापासून बाजूला काढा. एकट्याला जमत नाही. आम्ही पाच जणांनी मिळून भिशी लावली होती; ज्याची आंतरवासिता आधी, त्याची भिशी आधी. पुस्तकं एकच संच, तक्ते एकमेकांचे. एकमेकांची खोटी हजेरी मात्र लावायची नाही, हे आधीच ठरवलेलं. पाचही जण पास झालो. त्यातल्या दोघांनी शिकवणं सोडलंय. एक गाडी चालवतो, एक मॉलमध्ये आहे. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या बँकांचे हप्ते त्यांच्या पगारापेक्षा वेळेवर येत होते.

शेवटचं बोलतो. मी ज्या शाळेत शिकवतो तिथं सातवीत एक पोरगा आहे. त्याचा बाप माझ्या बापाच्याच कंत्राटात आहे. त्यानं मला विचारलं, ‘सर, तुम्ही आमच्या इकडचेच ना? मग सर कसे झाला?’ त्या पोराच्या डोक्यात सर म्हणजे दुसरीकडून येणारा माणूस. हा समज मोडायला भाषण पुरत नाही, त्याच्यापुढं आपल्यातलं माणूस रोज खडू घेऊन उभं राहावं लागतं. ते उभं राहू नये अशीच व्यवस्था आज बसलेली आहे, कुणाला शिवी न देता, कुणाला न हाकलता, निव्वळ वेळापत्रकानं आणि व्याजानं. ती ओळखा. हिशेब पाठ करा. आणि जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत एकेकटे उभे राहू नका, पाच-पाच मिळून उभे राहा.

जयभीम.